मामाच्या कारखान्यात की डिप्लोमाला?

प्रश्न : मुलगा यंदा दहावी झाला, 64 टक्के मिळाले. त्याचे मामा वाळूजला प्लास्टिकचे कॅन बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. ते म्हणतात, आत्ताच हेल्पर म्हणून लावून देतो, दोन-तीन वर्षांत ऑपरेटर होईल. मुलाला शिकायचंय. पण प्लास्टिकवर बंदी येतेय, मग त्यात शिकून पुढे काय? – एक पालक, पैठण तालुका

उत्तर : मुलाला शिकू द्या. या वयात हेल्पर म्हणून बारा तासांची पाळी कायद्यातही बसत नाही. मामांनी सुचवलेली लाईन मात्र चांगली आहे, ती सोडू नका.

हे काम लांबून बटण दाबण्याचं वाटतं. एचडीपीई या प्लास्टिकचा दाणा, म्हणजे कच्चा माल, वितळतो, डायमधून म्हणजे आकार देणाऱ्या तोंडातून पोकळ नळी खाली येते, तिला पॅरिसन म्हणतात. साच्याचे दोन भाग तिच्यावर मिटतात, आत हवा सोडली की नळी फुगून साच्याला चिकटते आणि गार होते. पाच लिटरचा कॅन मुठीसकट असा एका दमात निघतो. आता समजा, त्या कॅनचे कोपरे पातळ येऊ लागले. का? कोपऱ्यापर्यंत पोचताना प्लास्टिक सर्वांत जास्त ताणलं जातं. शिवाय लांब पॅरिसन स्वतःच्याच वजनानं ओघळते आणि वरच्या बाजूला पातळ होते. म्हणून नळी खाली येत असतानाच डायची फट कमी-जास्त करून, जिथे ताण पडणार तिथे जाडी द्यावी लागते. हे ज्याला कळत नाही तो सरळ सगळ्या कॅनचं वजन वाढवतो. कॅन टिकतो, पण प्रत्येक नगामागे दाणा जास्त जातो, आणि या धंद्यात मोठा खर्च दाण्याचाच असतो. जो माणूस जाडी जागेवर आणून वजन वाचवतो, त्याला मालक सोडत नाही.

पाण्याच्या पारदर्शक बाटलीत तर शिकायला आणखी आहे. तिथे पेट या प्लास्टिकचा प्रिफॉर्म, म्हणजे तोंडाचे आटे आधीच तयार असलेली जाड नळकांडी, साधारण 100 अंशांपर्यंत तापवतात, दांड्यानं लांबीत ताणतात आणि 25 ते 40 बार दाबाच्या हवेनं फुगवतात. दोन्ही दिशांनी ताण बसल्यामुळे बाटली पातळ असूनही मजबूत होते. प्रिफॉर्म थंड राहिला तर बाटलीवर मोत्यासारखी पांढरट झाक येते, जास्त तापला तर ती धुरकट होते. नवख्याला दोन्ही दोष सारखेच दिसतात, उपाय मात्र एकमेकांच्या उलट. औषधांच्या छोट्या बाटल्यांची पद्धत पुन्हा वेगळी, तिथे तोंडाचं माप अचूक लागतं.

ही कारणं पाळीच्या गडबडीत कोणी समजावून सांगत नाही. छत्रपती संभाजीनगरला सिपेट या प्लास्टिक तंत्रज्ञान शिकवणाऱ्या संस्थेचं केंद्र आहे. ही केंद्र सरकारची संस्था 1968 साली चेन्नईत सुरू झाली. संभाजीनगरच्या केंद्रात दहावीनंतर तीन वर्षांचे दोन डिप्लोमा आहेत : प्लास्टिक टेक्नॉलॉजी आणि प्लास्टिक मोल्ड (म्हणजे साचा) टेक्नॉलॉजी. मुलाला भूमिती, ड्रॉइंग आवडत असेल तर मी दुसरा सुचवेन, कारण साचा करता येणाऱ्याला काम फक्त बाटल्यांच्याच कारखान्यात शोधावं लागत नाही. प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तारखा आणि फी केंद्रातूनच विचारा, वसतिगृहाचीही चौकशी करा, पैठणहून रोजची ये-जा मुलाला थकवेल. प्रवेश नाहीच मिळाला तर आयटीआयमध्ये प्लास्टिक प्रोसेसिंग ऑपरेटर हा ट्रेड आहे.

बंदीची भीती समजते. पण 2018 च्या राज्याच्या बंदीचा मुख्य रोख पिशव्या, थर्माकोल आणि एकदा वापरून फेकायची ताटं-पेले यांच्यावर होता. औषधाची बाटली किंवा तेलाचा कॅन त्यामुळे थांबला नाही. उलट 2022 च्या केंद्राच्या नियमांनी बाटल्या-कॅनसारख्या कडक पॅकेजिंगमध्ये पुनर्वापराचं प्लास्टिक टप्प्याटप्प्यानं वाढवायला सांगितलंय. असा दाणा प्रत्येक लॉटला थोडा वेगळा वागतो, त्यामुळे समजून मशीन लावणाऱ्या माणसाची गरज वाढणारच.

प्रवेशाआधी मामांना एवढंच सांगा, की एक दिवस त्याला कारखाना दाखवा. रिजेक्ट मालाच्या ढिगातले चार-पाच कॅन त्याच्या हातात द्या आणि प्रत्येकात काय बिघडलंय ते त्यालाच शोधू द्या. त्यात तो रमला तर फॉर्म भरा.