एक जोडणी, दोन पडदे

प्रश्न : आमच्या घरी एकच ब्रॉडबँड जोडणी आहे. रात्री मुलगा टीव्हीवर क्रिकेटचा सामना लावतो आणि माझ्या मोबाइलवरचे कीर्तन धूसर होते. वेग सारखा का वाटला जात नाही? (एक वाचक, परभणी)

उत्तर : व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांनी येतो आणि आधीचे तुकडे किती वेगाने उतरले यावरून प्लेअर (व्हिडिओ दाखवणारे ॲप) पुढच्या तुकड्याची गुणवत्ता ठरवतो. आगाऊ उतरवलेल्या तुकड्यांचा साठा भरला की प्लेअर नवे तुकडे मागणे क्षणभर थांबवतो. नेमक्या त्या वेळी दुसऱ्या प्लेअरला सारी वाट मोकळी दिसते, आपला वाटा मोठाच आहे असा त्याचा समज होतो आणि तो वरची गुणवत्ता मागू लागतो. टीसीपी हा इंटरनेटवर माहिती पाठवण्याचा नियम साधारण समान वाटणी करतो, परंतु ती ॲपने सर्व्हरशी उघडलेल्या जोडण्यांमध्ये, माणसांमध्ये नव्हे. चार जोडण्या उघडणारे ॲप चार वाटे नेते. नळाला मोटार लावणारा शेजारी आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही?

शिवाय समान वेग म्हणजे समान चित्र नव्हे. मोबाइलवर ४८० पी (‘पी’चा आकडा जितका मोठा तितके चित्र स्पष्ट) पुरेसे दिसते, मोठ्या टीव्हीवर तेच फिके वाटते. म्हणून टीव्हीची मर्यादा ७२० पी ठेवून पाहावी, आणि राउटरमध्ये ‘क्यूओएस’ची (वेगाची वाटणी ठरवण्याची) सोय असल्यास प्रत्येक उपकरणाला वेगाची कमाल मर्यादा घालावी.