माहितीपर चित्रपुस्तकाला चित्रांचा पुरस्कार मिळू शकतो का, की त्याच चित्रांभोवती एखादी गोष्ट रचून घ्यावी?

गोष्ट रचू नका. मी ती चूक केली आहे.

मी सांगलीत चित्रकला शिकवतो. जवळच्या हरिपूर गावातल्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांवर, मी जलरंगात एक पुस्तक केले होते. पेवाचे तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे, आत मात्र रांजणासारखे पोट, आणि तोंड मातीने लिंपले की हळद किडीशिवाय टिकते. २००५ च्या महापुरात बरीच पेवे निकामी झाली, म्हणून उरलेली पाहायला मी एक अख्खा उन्हाळा सायकलने हरिपूर गाठत होतो. उघडलेल्या पेवात लगेच उतरत नाहीत, कारण आतली हवा जीवघेणी असते. मालकांनी आधी पेटता कंदील सोडला, तो विझला, आणि मला दुपारपर्यंत काठावर बसवून ठेवले. आत उतरल्यावर हातभर अंतरापलीकडचे काही दिसेना. म्हणजे पेवाचा जो उभा छेद मी समोरासमोरच्या दोन पानांवर काढला, तो एका नजरेत कोणालाही कधीच दिसलेला नाही. भिंतीचा गोलवा चाचपून आणि दोरीने मोजून तो कागदावर आणावा लागला.

स्पर्धेतील परीक्षकांचा शेरा आला, ‘रेखाटन उत्तम, परंतु कल्पकतेचा अभाव. पाठ्यपुस्तकास योग्य.’ पारितोषिक टोपी घातलेल्या सशाला मिळाले. सशाशी माझे वैर नाही. पण सशाला टोपी घालणे ही कल्पकता आणि अंधारातले पोट मोजमापाला धरून उजेडात आणणे ही नक्कल, हा हिशेब मला आजही मान्य नाही. तरीही तेव्हा मी खचलो आणि दिवाळीच्या सुट्टीत हळकुंडाला डोळे काढून त्याला बोलते केले. ते पुस्तक कोणीही छापले नाही, हे योग्यच झाले.

मुलांच्या चित्रपुस्तकांतील चित्रांसाठी दिल्या जाणाऱ्या अमेरिकेतील कॅल्डेकॉट पदकाच्या निकषांत कथेबरोबर विषय आणि संकल्पना यांच्या चित्ररूप मांडणीचाही स्पष्ट उल्लेख आहे. हिमकणांची छायाचित्रे घेणाऱ्या विल्सन बेंटली यांच्या चरित्राच्या चित्रांसाठी मेरी अझेरियन यांना १९९९ मध्ये, तर वाफेच्या इंजिनाच्या आगगाडीवरील ‘लोकोमोटिव्ह’साठी ब्रायन फ्लोका यांना २०१४ मध्ये हे पदक मिळाले. इटलीतील बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्याच्या पुरस्कारांत माहितीपर पुस्तकांचा स्वतंत्र विभागच आहे. तेव्हा आपल्या परीक्षकांनी हा प्रश्न सुटलेला नसल्याचा आव आणू नये.

अर्थात, कॅल्डेकॉट केवळ अमेरिकेचे नागरिक किंवा रहिवासी असलेल्या चित्रकारांसाठी आहे, त्यामुळे आपल्याला त्याचा उपयोग दाखला देण्यापुरताच. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कारही लेखकाला दिला जातो, चित्रकाराला नव्हे. शिवाय कॅल्डेकॉट मिळवणाऱ्या माहितीपर पुस्तकांत माणसांच्या आयुष्यावरची पुस्तके बरीच आहेत, हेही ध्यानात ठेवा. माझ्या पुस्तकात कंदील सोडणारे मालक एकाच पानावर आहेत, तेही पाठमोरे. परीक्षकांनी त्यावर बोट ठेवले असते, तर मी निमूटपणे ऐकून घेतले असते.