अमावस्येला मित्रांसोबत आकाशगंगेचे फोटो काढायला जायचंय. पुण्याजवळ कुठे जावं? 40 हजारांत टेलिस्कोप घ्यावा की कॅमेरा?

त्याआधी मला एक सांगा, गाडी कोणाची आहे? आणि त्या माणसाला सकाळी किती वाजता घरी पोचायचंय?

हसू नका. आकाश, कॅमेरा, जागा सगळं जमून आलेलं असताना एका माणसाच्या घाईने कसं वाटोळं होतं ते मी बघितलंय. तारीख पाठ आहे. 17 मार्च 2018, शनिवार, फाल्गुनातली अमावस्या. दुसऱ्या दिवशी पाडवा. आम्ही पाच जण, एक गाडी, वेल्ह्याच्या पुढे ओळखीतल्या एकाचं शेत.

त्या आठवड्यात मंगळ धनु राशीतून चालला होता आणि नेमका लगून आणि ट्रायफिड या दोन तेजोमेघांच्या शेजारी आला होता. गुलाबी ढगांच्या बाजूला एक नारिंगी ठिपका. मी दिवाळीपासून दिवस मोजत होतो. 200 मिमीची लेन्स होती, ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र, एकाकडून मागून आणलेला. ट्रॅकर आधी ध्रुवाला नेमका लावावा लागतो. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर, त्यात त्या शेताच्या उत्तरेला डोंगर आडवा. सगळा संसार उचलून दोनदा बांधाच्या या टोकाहून त्या टोकाला नेला, तेव्हा कुठे ध्रुव दिसला. पहिली फ्रेम तीन वाजून वीस मिनिटांनी. एकेक मिनिटाच्या नव्वद फ्रेम घ्यायच्या आणि साडेपाचला पूर्व उजळायच्या आत आवरायचं, असा हिशोब.

गाडीवाला मित्र तीनपासून पुढच्या सीटवर घोरत होता. चारला त्याच्या मोबाइलचा गजर झाला आणि त्याने हेडलाइट लावले. दोन्ही. फुल बीम. समोर माझा कॅमेरा.

मी ओरडलो. ओरडायला नको होतं, कारण त्याने घाबरून दिवे बंद केले आणि चटई गोळा करायला तसाच खाली उतरला. हेडलाइटने दिपलेल्या डोळ्यांना अंधारात काय दिसणार? पाय थेट ट्रायपॉडवर. कॅमेरा वाचला, पण ध्रुव गेला. तो पुन्हा साधायचा म्हणजे अर्धा-पाऊण तास. "चल, आवर," म्हणाला. म्हटलं, "अरे, मंगळ रोज तिथे नसतो." तर म्हणतो, "मंगळ परत येईल, पाडवा आज आहे. सातला गुढी उभारायला हजर नसलो तर ही मला घरात घेणार नाही."

नसरापूर फाट्यापर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. उजव्या खिडकीतून मंगळ दिसत होता. त्यानंतर वर्षभर आम्ही दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोललो.

पुढे 2020 च्या फेब्रुवारीत मंगळ खरोखरच परत त्याच वाटेने गेला. त्याने मला मुद्दाम फोन करून सांगितलं, "बघ, आला ना!" आला. पण त्या वेळी चंद्राची कोर त्याच्या अगदी शेजारी होती, आणि चंद्राच्या उजेडात तेजोमेघांचे फोटो काढत नसतात हे त्याला आजतागायत पटलेलं नाही. हे उत्तर तो वाचेलच, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आता तुमचं. जागा: शहराच्या दक्षिणेला किंवा नैर्ऋत्येला जा. भोर, वेल्हे, त्या बाजूला. आकाशगंगेचा भरलेला भाग दक्षिणेकडे असतो, त्यामुळे पुण्याचा पिवळा उजेड पाठीशी राहतो. लोक उत्तरेला शंभर किलोमीटर जातात आणि मग पुण्याच्याच दिशेने कॅमेरा लावून बसतात. मार्चमध्ये गेलात तर पहाटे तीननंतरच, मेमध्ये रात्री अकरापासून चालेल. जून ते सप्टेंबर नावच काढू नका.

40 हजारांत टेलिस्कोपने फोटो काढायचे हे डोक्यातून काढून टाका. त्या पैशात नळी चांगली मिळते आणि स्टँड डुगडुगतो, आणि फोटोत सगळा खेळ स्टँडचा. जुना डीएसएलआर घ्या, सोबतची 18-55 लेन्स सुरुवातीला पुष्कळ झाली. ट्रॅकर नसेल तर शटर किती वेळ उघडं ठेवायचं यासाठी 500 चा नियम आहे: 500 भागिले लेन्सचे मिमी, आणि अशा कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान म्हणून पुन्हा भागिले दीड. 18 मिमीवर साधारण 18 सेकंद येतात. मी 13 च्या वर जात नाही, कडेचे तारे ओघळतात. फोकस आपोआपवर ठेवू नका, चित्रेसारखा ठळक तारा स्क्रीनवर मोठा करून हाताने लावा.

टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावायचा हे तुम्हाला माहीत असेलच. गाडीलाही तोच नियम. तोंड कॅमेऱ्याकडे करून लावायची नाही, आतला दिवा बंद, आणि किल्ली ज्याला घरी जायची घाई नाही त्याच्याकडे. ट्रायपॉडच्या पायांना रेडियमची पट्टी चिकटवा. सण, लग्न, सोमवारचं ऑफिस यांच्या आदल्या रात्री जाऊ नका. अमावस्या दर महिन्याला येते.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. हेडलाइटने माझी एकच फ्रेम गेली होती. त्याआधीच्या 41 चांगल्या होत्या, आणि फ्रेम एकावर एक रचताना खराब झालेली तशीही काढून टाकता येते. त्या 41 मधून फोटो झाला. दाणेदार आहे, पण मंगळ आहे, ढग आहेत. नव्वद असत्या तर काय झालं असतं ते मी त्याला अजून सांगत असतो.

आणि बाकीचे तिघं? त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. एकाने 10 बाय 50 ची, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, 50 मिमी भिंगांची बायनॉक्युलर आणली होती. सव्वादोनला मी ध्रुव शोधत असताना त्यांना दक्षिणेला, डोंगराच्या जरा वर, ओमेगा सेंटॉरी सापडला. लाखो ताऱ्यांचा गुच्छ, बायनॉक्युलरमधून कापसाच्या बोंडासारखा दिसतो. युरोपातल्या बहुतेक देशांतून तो क्षितिजावर येतच नाही, आपल्याकडे चांगला 24 अंशांवर. "ये रे, बघ," म्हणून दोनदा हाक मारली होती. मी गेलो नाही.

तेव्हा 40 हजारांतले सहा-सात हजार बायनॉक्युलरला बाजूला काढा.