भाड्याआधी मे महिन्याचं बिल विचार

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन आला तेव्हा मी एका घरी शिडीवर होतो, बोर्डाचं काम अर्धं राहिलं होतं. नीट बोलता आलं नाही, म्हणून निवांत लिहितो आहे.

दर्यापुरात तू दोन घरं पाहिलीस. एक बसस्टँडकडचं, दुसऱ्या मजल्यावरचं, वर नुसता स्लॅब, भाडं 3,500. दुसरं जुन्या वस्तीतलं तळमजल्याचं, जाड मातीच्या भिंतींचं, धाब्याचं म्हणजे वर मातीचं सपाट छत असलेलं, भाडं 4,200. महिन्याला 700 वाचतात म्हणून तुझा कल पहिल्या घराकडे आहे. पण दोन्ही घरं तू डिसेंबरात पाहिलीस. आपल्या भागात घर मे महिन्यात कसं राहतं ते आधी विचारावं. भाड्याचं त्यानंतर.

तीस वर्षं मी लोकांच्या घरात वायरिंग करतो आहे. उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर काम निघालं की रात्री नऊलाही भिंतीला हात लावून बघतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खाली आग ओकत असतो. पारा 45 च्या वर गेला की अशा घरात कूलर बंद करायची सोयच नसते. साध्या कूलरचा पंखा आणि पंप मिळून 200 वॅट धर. 18 तास चालला तर दिवसाला साडेतीन युनिटच्या वर, महिन्याला 108. धाब्याच्या घरात तोच कूलर दुपारचे आठ तास पुरतो, म्हणजे महिन्याला 48. फरक 60 युनिटांचा.

हे 60 युनिट साधे नाहीत. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या 100 युनिटांचा टप्पा स्वस्त, 101 ते 300 चा दर त्याच्या जवळपास दुप्पट. पंखे, फ्रिज, दिवे यांनीच तुझे बरेचसे 100 भरतात, त्यामुळे हे 60 महाग टप्प्यात पडतात. त्यावर वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे, आणि 16 टक्के वीज शुल्क. युनिट दहा रुपयांच्या वरच जातं. म्हणजे उन्हाळ्याच्या महिन्यांत तुझे 700 जवळपास तिथेच गेले. बाकीचे आठ महिने हा फरक फारसा राहणार नाही, हेही खरं.

आता त्यापेक्षा महत्त्वाचं. वरच्या घराला स्वतंत्र मीटर आहे का? तू म्हणालास, मालक युनिटप्रमाणे पैसे घेतो. म्हणजे सबमीटर, मालकाच्याच मीटरपुढे लावलेला छोटा मीटर. मालकाचे 150 युनिट आणि तुझे 90, एकाच मीटरवर 240. तुझं स्वतंत्र मीटर असतं तर तुझे 90 च्या 90 पहिल्या टप्प्यात बसले असते. एकत्र मीटरवर पहिले 100 दोघांत एकदाच मिळतात, बाकीचे सगळे वरच्या दराने. मालक तुला लुबाडत नाही, त्यालाच बिल तसं येतं. पण भरतोस तू. आणि बोअरची मोटर कोणाच्या मीटरवर आहे तेही विचार. एक एचपीची मोटर तासाभरात युनिटभर वीज खाते.

कोणतंही घर नक्की करण्याआधी त्या घराचं एक जुनं बिल माग. त्यावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, एप्रिल आणि मे शोध. 12 अंकी ग्राहक क्रमांक लिहून घे, त्यावरून थकबाकी आहे का तेही बघता येतं. मग घरातली सगळी बटणं बंद कर आणि मीटरसमोर उभा राहा. लाल दिवा तरीही लुकलुकत असेल तर कुठेतरी वीज गळते आहे किंवा दुसऱ्याची लाइन तुझ्या मीटरवर आहे. राहायला जाशील त्या दिवशी रीडिंगचा फोटो काढून मालकाला पाठव. मी लग्नानंतर पहिलं घर घेतलं तेव्हा रीडिंग लिहून ठेवलं नव्हतं. आधीच्या भाडेकरूचे 340 युनिट माझ्या पहिल्या बिलात आले, आणि बोलायला माझ्याकडे कागद नव्हता.

आता पाण्याचं. तू सातपुड्याच्या पायथ्याचा, संत्र्याच्या बागांतल्या विहिरींच्या गोड पाण्यावर वाढलेला. दर्यापूर पूर्णेच्या खोऱ्यात आहे, खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून हा पट्टा जातो, आणि बोअर कितीही खोल मारा, पाणी खारंच लागतं. वरच्या घराच्या मालकाने तुला अभिमानाने सांगितलं की पाणी चोवीस तास आहे. चोवीस तास आहे कारण ते बोअरचं आहे. पिण्याला जार विकत घ्यावा लागेल. दोघांना दिवसाआड एक धरला तरी महिन्याला 15, उन्हाळ्यात रोज एक. जार 25 रुपयांना धर, गुणाकार तूच कर. हा खर्च बाराही महिने आहे.

खाऱ्या पाण्याचा बाकीचा खर्च कोणी हिशेबात धरत नाही. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, पाणी तापायला वेळ लागतो. कूलरचं गवत एका उन्हाळ्यात दगडासारखं होतं. साबणाला फेस येत नाही. आणि तुरीची डाळ शिजता शिजत नाही, शिट्ट्यांवर शिट्ट्या होतात, 14.2 किलोचं सिलिंडर आठवडाभर आधी संपतं. गावी तुमची आई आंघोळीचं पाणी कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर तापवते, तिथे सगळंच गॅसवर येणार आहे.

म्हणून पुढच्या वेळी जाशील तेव्हा दोन रिकाम्या बाटल्या घेऊन जा. दोन्ही घरचं पाणी भरून आण, आणि आईला म्हण, एकाच डाळीचे दोन भाग करून शिजव. कोणत्या पाण्यात किती शिट्ट्या लागल्या ते मोज. याहून चांगली तपासणी मला माहीत नाही.

जुन्या वस्तीतल्या घराला नळ आहे, शहानूर धरणाचं पाणी. तो रोज येतो की चार दिवसांनी, ते मालकाला विचारू नकोस, शेजारच्या घरात विचार. चार दिवसांनी येत असेल तर मोठ्या ड्रमचा खर्च धर. पाणीपट्टी भाड्यात आहे की वेगळी तेही एकदाच बोलून घे. त्या घराबद्दल मला दोन गोष्टींची भीती आहे. धाबं पावसाळ्यात गळतं का, आणि वायरिंग केव्हाचं आहे. अर्थिंग नसेल तर भाडं कितीही कमी असो, तिथे तुझं नवं बिऱ्हाड मी जाऊ देणार नाही. अर्थिंग आणि करंट गळला की लाइन पाडणारा स्विच मी बसवून देईन, सामानाचे पैसे मालकाने द्यावेत असं आधीच ठरव.

गॅसचं जुनं कनेक्शन टाकून नवं घेऊ नकोस, बदलीचा कागद एजन्सी देते. पंखा विकत घेणारच असशील तर बीएलडीसी घे, 75 वॅटचं काम 30 वॅटमध्ये होतं. दोन पंख्यांत दोन उन्हाळ्यांतच पैसे निघत येतात.

सोलरचं विचारलं होतंस. भाड्याच्या घरात त्यात पडू नकोस. गावच्या घरावर मात्र बाबांना सांग. 2024 पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला 30,000 अनुदान आहे, तीन किलोवॅटला 78,000. अनुदान मोठं म्हणून तीन किलोवॅट लावू नका, तुमचा वापर 100 युनिटांच्या आसपास आहे, एक किलोवॅट रोज चारेक युनिट देतं, तेवढं भरपूर झालं.

रविवारी मला दर्यापुरात काम आहे. शनिवारपर्यंत दोन्ही घरांचे ग्राहक क्रमांक पाठव, आणि डाळीचं काय झालं ते आईला विचारून कळव. टेस्टर आणि टॉर्च घेऊन येतो, दोन्ही घरांचे बोर्ड उघडून बघू.

तुझा,
काका