रोबो भावना ओळखायला शिकेल, पण अनुभवायला?

'रोबोला भावना शिकवता येतील का?' यात दोन प्रश्न मिसळलेत. ओळखणं जमतं, तेही अर्धवट. यंत्राला चेहऱ्यावरची भावना ओळखायला शिकवण्यासाठी वापरला जाणारा एफईआर-२०१३ हा गाजलेला चित्रसंच घ्या: सुमारे ३६,००० चेहरे, प्रत्येक ४८ × ४८ पिक्सेल, कृष्णधवल. लेबलं सात: राग, किळस, भीती, आनंद, दुःख, आश्चर्य आणि तटस्थ. गोची इथेच आहे. लेबल बघणाऱ्याचं असतं, त्या माणसाच्या मनात काय होतं याचं नाही. फोंड्याकडे देवळाच्या उत्सवातल्या नाटकात ढसाढसा रडणारा हौशी नट यंत्र बिनदिक्कत 'दुःख' म्हणून नोंदवेल. गडी मात्र टाळ्यांनी खूश!

आता अनुभव. १९९० च्या दशकाअखेरीस अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात संशोधक सिंथिया ब्रझील यांनी किझ्मेट हा रोबो बनवला. त्यात संगत, खेळ आणि थकवा या तीन 'गरजा' आकड्यांत ठेवल्या होत्या. आकडा मर्यादेबाहेर गेला की चेहरा बदले. खेळणं फार नाचवलं की तो तोंड फिरवी. दिसायला भावनाच. पण भुकेनं आपले हातपाय गळतात, तसं त्या आकड्यामागे काही बिघडणारं शरीर नाही. बॅटरी १० टक्क्यांवर आली तर रोबो चार्जरकडे वळेल, घाबरल्याचा आवाजही काढेल. माझ्या मते ती भीती नव्हे. अर्थात, अनुभव बाहेरून मोजायची खात्रीशीर कसोटी माणसांसाठीही नाही.