जुना ऑटोहेल्म टिलर पायलट (शिडाच्या बोटीच्या सुकाणूची दांडी ढकलून दिशा आपोआप धरणारं यंत्र) चालू होतो, पण त्याचा दांडा पुढेमागे सरकत नाही. दुरुस्त होईल का? सुटे भाग कुठे मिळतील?

बहुतेक वेळा होतो. पण आधी खोलू नका, डेकवरचं सॉकेट बघा. खाऱ्या हवेनं तिथल्या पिना हिरव्या पडतात. मीटर नुसता लावला तर १२ व्होल्ट छान दाखवतो; दांडा सरकवायची कळ दाबून ठेवा आणि तेव्हा मोजा. व्होल्टेज एकदम पडलं तर दोष वायरिंगचा, यंत्राचा नाही.

तिथे सगळं ठीक असेल तर मोटरच्या वायरी सर्किटपासून सोडवून तिला थेट बॅटरी द्या. फिरली, तर बोर्ड किंवा जोडणी तपासा. नाही फिरली, तर कार्बन ब्रश झिजलेत किंवा आत पाणी शिरून बेअरिंग गंजलंय. पाणी शिरतं ते दांड्याभोवतीच्या सीलमधून, म्हणून ते बदलाच.

ऑटोहेल्म १९९० मध्ये रेथिऑन कंपनीकडे गेली, २००१ पासून ती रेमरीन या नावानं चालते. इतक्या जुन्या मॉडेलचे भाग कंपनीकडे मिळतील या आशेवर थांबू नका. सील, बेअरिंग, दातेरी बेल्ट मापावर मिळतात (बेल्टचे दात, दोन दातांमधलं अंतर आणि रुंदी मोजून न्या). कार्बन ब्रश मोटर रिवाइंडिंगवाला घासून बसवून देतो. बोर्ड आणि फ्लक्सगेट (इलेक्ट्रॉनिक) होकायंत्र मात्र त्याच मॉडेलच्या बंद पडलेल्या सेटमधूनच काढावं लागतं; जुन्या बोटींचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. बोर्डच जळला असेल आणि असा सेट स्वस्तात मिळत नसेल, तर मी तरी त्यात पैसे घालणार नाही.