जुळे सोलापुरात वरचा मजला बांधावा का?

प्रश्न: मी जिल्हा परिषद शाळेतला निवृत्त शिक्षक, वय ६१. पेन्शन आहे. १९९६ मध्ये सोलापूर शहराच्या जुळे सोलापूर भागात घर बांधलं. तेव्हा भोवती मोकळी रानं होती, आता बंगले आणि दुकानं झाली आहेत. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. बँकेतली २२ लाखांची ठेव या महिन्यात पूर्ण होतेय. त्यातून वरचा मजला काढून भाड्याने द्यावा का? महिना ८,००० भाडं येईल, असं शेजारी सांगतात.

उत्तर: सर, नमस्कार. माझं मत आधीच सांगतो, या पैशाने मजला काढू नका.

भाग सुधारला, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पण सुधारला कोणाच्या कमाईवर, ते बघा. महापालिकेच्या १९९२ च्या हद्दवाढीनंतर तिकडे राहायला आली ती बरीचशी तुमच्यासारखी माणसं. शिक्षक, बँकवाले, एसटीतले, रेल्वेतले. गावातल्या कापड गिरण्या बंद पडत होत्या, तेव्हा एक तारखेला पगार होणाऱ्यांची ही वस्ती उभी राहिली. पोरांना शिकवून इंजिनिअर केलं आणि पोरं पुण्याला गेली. आज तुमच्या गल्लीत येणारा पैसा म्हणजे मुख्यतः पेन्शन आणि पुण्याहून पाठवलेली रक्कम. त्यावर घरं चकाचक होतात, जागेचे भाव चढतात. पण भाडं देणारं नवं कुटुंब त्यातून तयार होत नाही. २००१ ते २०११ या काळात सोलापूर शहराची लोकसंख्या ८.७२ लाखांवरून ९.५२ लाखांवर गेली, म्हणजे जेमतेम ९ टक्के वाढ. त्याच दहा वर्षांत पुणे जिल्हा ३० टक्क्यांनी वाढला.

म्हणून एक काम करा. संध्याकाळी फिरायला निघाल की वर बघत चला. मुलांसाठी म्हणून काढलेले किती मजले कुलूपबंद आहेत? जिथे भाडेकरू आहे तिथे बेल वाजवून विचारा, भाडं किती आणि मधे घर किती महिने रिकामं होतं. शेजाऱ्याच्या अंदाजापेक्षा हे उत्तर खरं. आणि आपल्याकडे भाडेकरूचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पाणी किती दिवसांआड येतं?" दोन कुटुंबांना पुरेल एवढा हौद तुमच्याकडे नसेल, तर तो खर्चही त्या २२ लाखांच्या वर धरा.

आता हिशोब. ८,००० प्रमाणे वर्षाचे ९६,०००. एखादा महिना रिकामा, रंगरंगोटी, घरपट्टी, मोटारीची दुरुस्ती वजा केली की हातात साधारण ८०,००० उरतील. २२ लाखांवर हे साडेतीन टक्क्यांच्या आसपास पडतं. हेच पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला १,८०,४००, दर तिमाहीला ४५,१०० खात्यात. दोन्हींवर कर आहे. भाड्यावर ३० टक्के वजावट मिळते, तरी एवढी तफावत भरून निघत नाही. भाडं दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढलं, तरी ८०,००० चे १.८० लाख व्हायला सतरा वर्षं लागतील. तेव्हा तुम्ही ७८ चे असाल. योजनेचा दर पाच वर्षांपुरताच पक्का असतो, पुढे कमी होऊ शकतो, हे खरं. पण दुखणं आलं तर थोडा दंड भरून ते पैसे काढता येतात. स्लॅबमधले पैसे रात्रीतून निघत नाहीत.

मुलगा परत येईल, ही आशा या प्रश्नामागे असेल, तर मला ती समजते. मग त्याला फोन करून स्पष्ट विचारा. तो "पाच वर्षांत येतो" म्हणाला, तर बांधकामात त्याचाही वाटा असू द्या.

माझा सल्ला असा: १८ लाख बचत योजनेत, वहिनींसोबत संयुक्त खात्यात. ३ लाख दवाखान्यासाठी साध्या ठेवीत. उरलेल्या १ लाखात खालच्या बाथरूमला पकडायचे दांडे आणि न घसरणाऱ्या फरश्या बसवून घ्या, गच्चीची गळती काढा.

घर एखाद्या कॉलेजपासून किंवा मोठ्या दवाखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर असेल, तर मला पुन्हा लिहा. तिथे भाड्याचं गणित वेगळं असतं. तेव्हाही आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून जुना पाया तपासून घ्या आणि महापालिकेची परवानगी हातात येईपर्यंत ठेकेदाराला उचल देऊ नका.